नवीन कॅमेरा बॉडी घेऊ का? आधी कर्नाळ्यात फसलेले फोटो मोजा

कॅमेरा घेऊन तीन-चार वर्षं झाली की एक प्रश्न हमखास डोक्यात घोळायला लागतो. नवीन बॉडी घेऊ का? यूट्यूबवर रोज कुणीतरी नवा मिररलेस हातात धरून हसत असतो, ऑनलाइन सेल लागलेला असतो आणि 'नो कॉस्ट ईएमआय' तर कायम चालूच असतो.

माझंही तेच चाललंय. माझ्याकडे कॅनन १५००डी आणि ५५-२५० मिमी लेन्स आहे. पनवेलला राहतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पेणच्या एसटीत बसायचं आणि कर्नाळ्याला उतरायचं हे ठरलेलं. वर्षभर थोडे थोडे करून ७० हजार बाजूला टाकलेत. हे पैसे एकदा गेले की पुन्हा जमायला अजून एक वर्ष लागणार. म्हणून 'कुठला कॅमेरा बेस्ट?' हा प्रश्न बाजूला ठेवला आणि दुसराच विचारला: माझे फोटो नेमके कशामुळे फसतात?

या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी किंवा फोनसाठीही काढता येईल. कसं, ते बघू.

कर्नाळाच का?

कर्नाळा १९६८ साली अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं पक्षी अभयारण्य. क्षेत्रफळ जेमतेम १२ चौरस किलोमीटर, मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो आणि वर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. सुळक्याचा फोटो काढायचा असेल तर खिशातला फोन पुरेसा आहे, त्यासाठी एक रुपयाही खर्च करू नका.

पक्ष्यांचं मात्र तसं नाही. इथलं जंगल दाट. स्वर्गीय नर्तक, भृंगराज, शमा ही मंडळी सावलीत वावरतात. पावसाळ्यात ओढ्याकाठी तिबोटी खंड्या येतो. तो अख्खा १३ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या फोनपेक्षाही लहान. पक्षी छोटा, अंतर जास्त, उजेड कमी आणि हालचाल चपळ. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून कडक मास्तर जवळपास मिळणार नाही.

पायरी पहिली: तीन ढीग करा

गेल्या चार-पाच फेऱ्यांमधले न आवडलेले फोटो उघडा. डिलीट केले असतील तर पुढच्या फेरीपासून ठेवायला लागा. प्रत्येक फोटो १०० टक्के झूम करून बघा आणि ढीग करा:

- लांब: पक्षी फ्रेममध्ये ठिपक्याएवढा. क्रॉप केला की पिसं दिसण्याऐवजी नुसते चौकोन दिसतात.
- अंधार: सगळीकडे दाणे-दाणे. किंवा पाय शार्प पण डोकं आणि पंख फराटल्यासारखे, म्हणजे पक्षी हलला आणि शटर हळू होता. सगळा फोटोच एका दिशेने फराटला असेल तर हात हललाय. तोही याच ढिगात, कारण उजेड भरपूर असता तर शटर वेगात ठेवता आला असता.
- फोकस: पुढची किंवा मागची फांदी एकदम शार्प, पक्षी मात्र धूसर. किंवा पक्षी उडाला आणि कॅमेरा त्याला पकडू शकला नाही.

एक फोटो एकाच ढिगात टाका. जे सगळ्यात मोठं कारण वाटेल ते धरा. आता प्रत्येक ढिगावर नवीन बॉडीचा उपयोग होतो का, ते तपासू.

ढीग पहिला: लांब

इथे थोडं गणित करू, पाचवीतलंच आहे. १० मीटरवर खंड्या बसलाय असं धरा. फ्रेमची रुंदी काढायची तर सेन्सरच्या रुंदीला लेन्सच्या फोकल लेंथने भागायचं आणि अंतराने गुणायचं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. २२.३ भागिले २५०, गुणिले १० मीटर म्हणजे साधारण ८९ सेंटीमीटर. त्यात १३ सेंटीमीटरचा पक्षी म्हणजे फ्रेमचा सातवा भाग. फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, त्यातले सुमारे ८७५ पक्ष्याच्या वाट्याला येतात.

आता हेच गणित वेगवेगळ्या पर्यायांना लावलं:

- कॅनन १५००डी + २५० मिमी: सुमारे ८७५ पिक्सेल
- कॅनन आर१० (२०२२चा मिररलेस, २४ मेगापिक्सेल) + २५० मिमी: सुमारे ८७५, म्हणजे तेवढेच
- कॅनन आर७ (३२.५ मेगापिक्सेल) + २५० मिमी: सुमारे १०१५
- २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम + २५० मिमी: सुमारे ५४०
- माझी जुनीच १५००डी + ४०० मिमी लेन्स: सुमारे १४००
- ५एक्स टेलिफोटो असलेला फोन, १२ मेगापिक्सेलचा फोटो: सुमारे १७५

ही यादी मी दोनदा तपासली. नवीन आर१०ने माझा खंड्या एका पिक्सेलनेही मोठा होत नाही. आणि ज्याला सगळे 'खरा अपग्रेड' म्हणतात त्या फुल फ्रेमवर तो चक्क लहान होतो! कारण सरळ आहे. लेन्स तीच ठेवली की सेन्सरवर पडणारी पक्ष्याची प्रतिमा तेवढीच राहते, सेन्सर मोठा झाला की भोवतालचं रान तेवढं जास्त येतं.

फोनवाल्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. ३०एक्स, १००एक्स हे आकडे बहुतांशी क्रॉपिंग आणि सॉफ्टवेअरचे असतात. नवा फोन बघताना फक्त एवढंच विचारा की ऑप्टिकल टेलिफोटो किती एक्सची आहे. पुढचे आकडे सोडून द्या.

या ढिगाचा फुकटातला उपायही आहे: अंतर कमी करा. १० मीटरचे ६ मीटर झाले की ४०० मिमी लेन्स लावल्यापेक्षाही थोडा जास्त फायदा होतो. पण याचा अर्थ पक्ष्यामागे धावणं नव्हे. पायवाट न सोडता एका जागी गप्प बसलात की पक्षीच जवळ येतात. घरट्याजवळ मात्र अजिबात जायचं नाही. खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो. बिळासमोर माणसं उभी राहिली तर तो चोचीत भक्ष्य घेऊन फांदीवर ताटकळतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहेच, पण त्याआधी आपली समज आहे. लांब लेन्सचा खरा फायदा हाच की पक्ष्याला त्याची जागा सोडता येते.

निकाल: 'लांब' ढीग मोठा असेल तर लेन्स बघा. बॉडी नको.

ढीग दुसरा: अंधार

"नव्या बॉडीत नॉइज येत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. अर्धं खरं आहे. फोटोतले दाणे मुख्यतः उजेड कमी पोहोचल्यामुळे येतात. एकाच आकाराचा नवा सेन्सर जुन्यापेक्षा थोडा बरा असतो, पण जो उजेड लेन्समधून आतच आला नाही तो तो कुठून आणणार?

उजेड वाढवायचे मार्ग तीनच:

- लेन्सचं तोंड मोठं: एफ ५.६ ऐवजी एफ ४ म्हणजे दुप्पट उजेड, एफ २.८ म्हणजे चौपट. पण लांब आणि मोठ्या तोंडाच्या लेन्सची किंमत बघून घाम फुटतो.
- शटर हळू: पक्षी शांत बसलाय? मग १/१००० कशाला? लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर १/२५० वर या. चौपट उजेड, तोही फुकट. चार-पाच फोटो सलग काढा, एखादा नक्की शार्प येतो.
- मोठा सेन्सर: फुल फ्रेमचं क्षेत्रफळ माझ्या सेन्सरच्या अडीच पटींहून थोडं जास्त आहे. पण हा फायदा पक्ष्याने फ्रेम तेवढीच भरली तरच मिळतो. त्यासाठी त्याच एफ आकड्याची, पण जास्त लांब लेन्स हवी. म्हणजे खर्च दोन्हीकडून.

चौथा मार्ग घरी आल्यावरचा: रॉमध्ये फोटो काढा. जेपीजीमध्ये कॅमेरा स्वतःच दाणे पुसतो आणि त्यासोबत पिसांचा तपशीलही पुसला जातो. रॉ फाइलवर लाइटरूमचं एआय डीनॉइज (२०२३ मध्ये आलं) किंवा डीएक्सओ प्युअररॉ चालवलं की जुन्या कॅमेऱ्याचा आयएसओ ६४०० चा फोटोही वापरण्याजोगा होतो. आणि हे तुमच्या जुन्या रॉ फाइल्सवरही चालतं. नवीन बॉडी जुने फोटो सुधारत नाही.

निकाल: 'अंधार' ढीग मोठा असेल तर आधी रॉ, शटर आणि सॉफ्टवेअर. मग लेन्स. त्यानंतर बॉडी.

ढीग तिसरा: फोकस

इथे मात्र नवीन बॉडीला तोड नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

१५००डीमध्ये ९ फोकस पॉइंट आहेत आणि तेही फ्रेमच्या मधल्या भागात. पक्षी कडेला सरकला की कॅमेऱ्याच्या लेखी तो नाहीच. शिवाय डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा सेन्सर असतो, त्याला पक्षी आणि फांदी यातला फरक कळत नाही. मिररलेसमध्ये फोटो काढणारा सेन्सरच फोकसही करतो. त्यामुळे जवळपास सगळ्या फ्रेमवर फोकस मिळतो आणि आर१०सारखे कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला चिकटून राहतात.

दुसरा फरक वेगाचा. १५००डी सेकंदाला ३ फोटो काढते, आर१० मेकॅनिकल शटरवर १५. स्वर्गीय नर्तक शेपटी उडवत फांदीवरून सुटतो ते एका सेकंदाच्याही आत. त्यात माझ्या हाती लागतात फार तर दोन-तीन फ्रेम.

तरीही खरेदीआधी हे करून बघा: फोकस मोड 'एआय सर्व्हो' (नावावर जाऊ नका, या एआयचा चॅटबॉटशी काही संबंध नाही), फक्त मधला पॉइंट चालू आणि फोकस शटर बटणावरून काढून मागच्या बटणावर. कॅमेऱ्यात ही सोय आधीपासून असते. दोन फेऱ्या सराव केला की ढीग थोडा तरी उतरतो.

निकाल: हे सगळं करूनही 'फोकस' ढीगच मोठा असेल, तुमचा जीव उडणाऱ्या पक्ष्यांत अडकला असेल, तर बॉडी घ्या. पैसे वाया जाणार नाहीत.

किमतीच्या पाटीवर न दिसणारा खर्च

बॉडीची किंमत म्हणजे पूर्ण बिल नव्हे. १५००डीवरून आर१०वर जायचं तर:

- जुन्या लेन्स लावायला ईएफ-ईओएस आर ॲडॅप्टर
- नवीन बॅटऱ्या. १५००डीच्या एलपी-ई१० तिथे चालत नाहीत, एलपी-ई१७ लागतात. मिररलेस बॅटरी खातोही जास्त, म्हणून एक जादा हवीच
- वेगवान कार्ड. सेकंदाला १५ रॉ फाइल्स लिहायला जुनं कार्ड कमी पडतं
- हार्ड डिस्क. तिप्पट-चौपट फोटो येणार, ते ठेवणार कुठे?

कागदावर ही बेरीज करा आणि मगच बजेटशी ताडून बघा. जुनी बॉडी विकून किती येतील तेही लिहा, पण हात राखून.

घेण्याआधी एक दिवस भाड्याने

मुंबई-पुण्यात कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. एकदा बॉडी आणा, एकदा लेन्स आणा. त्याच पायवाटेवर, त्याच वेळेला जा आणि घरी येऊन पुन्हा तेच तीन ढीग करा. शोरूममध्ये ट्यूबलाइटखाली सगळेच कॅमेरे भारी वाटतात.

सेकंड हँड घ्यायचं असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात फिरून या. बॉडी असेल तर शटर काउंट विचारा. लेन्स असेल तर आतून टॉर्च मारून बुरशी बघा, आपल्या कोकणातल्या दमट हवेत ती फार लवकर धरते.

मी काय ठरवलं?

माझे ढीग मोजले तर निम्म्याहून जास्त फोटो 'लांब'मध्ये निघाले. त्याखालोखाल 'अंधार'. 'फोकस' सगळ्यात लहान, कारण मी बहुतेक वेळ बसलेलेच पक्षी टिपतो.

म्हणून बॉडी पुढे ढकलली. सेकंड हँड १००-४०० मिमी लेन्स शोधतोय, तीही ईएफ माउंटची. ती आज १५००डीवर चालेल आणि उद्या मिररलेस घेतला तर ॲडॅप्टर लावून तिथेही. मिररलेससाठीची आरएफ लेन्स घेतली असती तर ती माझ्या आत्ताच्या बॉडीवर बसलीच नसती. तोटाही सांगतो: ४०० मिमीला ही लेन्स एफ ६.३ वर जाते, म्हणजे पावसाळ्यात उजेड आणखी थोडा कमी. तिथे रॉ आणि डीनॉइजवर भिस्त.

तुमचे ढीग वेगळे निघू शकतात. पनवेलच्या खाडीवर उडणारे बगळे टिपणाऱ्याला माझं उत्तर लागू होणार नाही, त्याने कदाचित आजच बॉडी घ्यावी.

थोडक्यात

- पक्षी लहान दिसतो → लांब लेन्स, किंवा गप्प बसून वाट बघणं
- दाणे येतात, फोटो हलतो → शटर, रॉ, डीनॉइज, मग मोठ्या तोंडाची लेन्स
- फोकस चुकतो, उडता पक्षी निसटतो → आधी सराव, मग नवीन बॉडी
- तिन्ही ढीग लहान आहेत → पैसे राहू द्या आणि सकाळच्या पहिल्या एसटीने कर्नाळा गाठा