मोत्यासाठी सरबत, पण जरा हिशेबाने!

मित्रहो, मे महिन्याची सुट्टी लागली की वसतिगृह रिकामं होतं आणि आपण सगळे आपापल्या गावी पोहोचतो. अंगणात आंब्याच्या पेट्या, पडवीत फणस, माठात कोकम सरबत. दारातला मोत्या मात्र जीभ बाहेर काढून धापा टाकत पडलेला. आपल्याला दया येते आणि हातातला पेला आपण त्याच्यापुढे धरतो. हेतू चांगलाच असतो, पण पेल्यात काय आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून कुत्र्यासाठी घरच्या घरी फळांचं पाणी कसं करायचं, त्यात काय घालायचं आणि काय चुकूनही घालायचं नाही, ते या लेखात मांडतो.

एक खुलासा आधीच करतो. हा लेख घरच्या पाळीव कुत्र्यांविषयी आहे. शैक्षणिक संस्थांच्या आवारातून मोकाट कुत्री हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. त्यामुळे मेसमागच्या मंडळींचा प्रश्न प्रशासन आणि नगरपंचायत यांच्याकडे सोपवून आपण घराकडे वळू.

धाप म्हणजे त्याचा कूलर

आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो आणि तेवढ्याने काही भागत नाही. त्याचा खरा कूलर म्हणजे जीभ, तोंड आणि नाक. धाप लागली की तिथल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ अंगातली उष्णता घेऊन जाते.

आता आपल्या सवयीप्रमाणे गणित करू. आमचा मोत्या १५ किलोचा. (त्याला उचलून मी काट्यावर उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं.) शरीराची विशिष्ट उष्णता किलोला सुमारे ०.८३ किलोकॅलरी धरली, तर त्याचं अंग एका अंशाने थंड करायला साडेबारा किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागेल. एक मिलिलिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.५८ किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणजे एका अंशासाठी २२ मिलिलिटरच्या आसपास पाणी खर्च! शरीर सतत उष्णता तयार करत असतं, त्यामुळे हा खर्च दिवसभर चालूच राहतो.

दापोलीला विदर्भासारखे ४५ अंश नसतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण सायक्रोमेट्रिक चार्ट ज्यांनी एकदा तरी वापरलाय त्यांना कळेल की हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावतं. आंबापोळी उन्हात लवकर वाळत नाही त्याचं कारण आणि मोत्याची धाप थांबत नाही त्याचं कारण एकच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो, आणि उष्माघाताने कुत्रा काही तासांत दगावू शकतो.

पाणी किती, फळ किती?

ढोबळ नियम असा की कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. १५ किलोच्या कुत्र्याला पाऊण ते एक लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हे पाणी साधंच हवं. फळांचं पाणी हे त्याला पाणी प्यायला बोलावण्याचं निमंत्रण आहे, पाण्याची जागा घेणारं पेय नाही. संपूर्ण लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

निमंत्रण चालतं ते वासामुळे. कुत्र्याच्या जिभेवर आपल्यापेक्षा चव ओळखणाऱ्या कळ्या बऱ्याच कमी असतात, पण नाक फार तिखट. गोड चव त्याला कळते. (मांजराला कळत नाही, त्या चवीचं एक जनुकच मांजरात निकामी झालेलं आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं.) तेव्हा फळाचे चार तुकडेही त्याला पुरतात. साखर, गूळ, मध यातलं काही घालायची गरज नाही.

जास्तीत जास्त किती? पशुवैद्य सांगतात की रोजच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त वरखाऊ नको. १५ किलोच्या धडधाकट कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी लागतात, म्हणजे वरखाऊचा वाटा ८५ चा. कलिंगडाच्या १०० ग्रॅममध्ये ३० किलोकॅलरी असतात, आंब्याच्या १०० ग्रॅममध्ये ६०. एका हापूसचा सगळा गर त्याला घातला की दिवसाचा कोटा संपला! मधुमेह झालेल्या किंवा लठ्ठ कुत्र्याला तेवढाही नको.

तीन सोप्या कृती

*१) कलिंगडाचं पाणी.* भात काढल्यावर त्याच शेतात घेतलेली कलिंगडं आपल्याकडे उन्हाळाभर मिळतात. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. साल आणि बिया काढून १०० ग्रॅम गराच्या फोडी करा, एक लिटर स्वच्छ पाण्यात टाका आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. एका वेळी वाटीभर द्या. खालच्या फोडी त्याने खाल्ल्या तरी चालतील.

*२) शहाळ्याचं पाणी.* एक भाग शहाळ्याचं पाणी, तीन भाग साधं पाणी. पातळ करायचं कारण म्हणजे शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, १०० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅमच्या आसपास. निरोगी कुत्र्याला अधूनमधून अर्धी वाटी ठीक आहे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर अजिबात नको. डबाबंद नारळपाणीही नको, त्यात साखर असू शकते.

*३) आंब्याचा किंवा पपईचा बर्फ.* दोन चमचे पिकलेला गर पेलाभर पाण्यात ढवळा आणि स्टीलच्या पसरट वाटीत गोठवा. ही चकती त्याच्या पाण्याच्या भांड्यात सोडली की ती हळूहळू विरघळते आणि पाण्याला वास येत राहतो. ट्रेमधले कडक खडे चावायला देऊ नका, दात तुटतात. पपईच्या बिया काढायच्या. आंब्याची बाठ तर दृष्टीसही पडता कामा नये, कारण ती गिळली तर आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियाच करावी लागते. आपल्या विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रावर रत्ना आणि हापूसच्या संकरातून ‘सिंधू’ ही जात तयार झाली, तिची बाठ अगदी पातळ असते. पण मोत्याच्या बाबतीत तिच्यावरही विसंबू नका!

तिन्ही कृतींना एक नियम लागू. फळाचं पाणी बाहेर दोन-तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि फ्रिजमधलं दुसऱ्या दिवशी ओतून द्या. आपल्या हवेत ते चटकन आंबतं. आंबलं की त्यात अल्कोहोल तयार होतं, आणि ते कुत्र्याला थोडंही सोसत नाही. नवीन फळ पहिल्यांदा देताना चार चमचेच द्या आणि दिवसभर पोट बिघडतंय का ते बघा.

हे मात्र नाही म्हणजे नाही

*द्राक्षं आणि बेदाणे.* यामुळे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. कारण बरीच वर्षं उमगत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए संस्थेच्या विषबाधा केंद्रातील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. शिऱ्यातले बेदाणेही यातच आले.

*चिंच.* तिचा आंबटपणा याच टार्टारिक आम्लाचा. त्यामुळे चिंचेचं सार, सरबत, पाणीपुरीचं पाणी सगळं बाद.

*सोलकढी.* कोकमापेक्षा इथे खरा गुन्हेगार लसूण. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. नारळाच्या दुधाची चरबी आणि मिरची वेगळीच.

*पन्हं, कोकम सरबत, लिंबू सरबत.* साखर, मीठ आणि आंबट, तिन्ही एकदम. आपल्याला घामातून गेलेलं मीठ भरून काढायचं असतं. कुत्र्याचा घाम तो केवढा! त्याला जास्तीचं मीठ उलट तहान वाढवतं.

*‘शुगर-फ्री’ पेयं आणि च्युइंगम.* त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते. माणसाला निरुपद्रवी असणारा हा पदार्थ कुत्र्याला अगदी थोड्या मात्रेतही घातक ठरतो.

*चहा, कॉफी, कोला.* कॅफीनमुळे हृदयाचे ठोके वाढतात. बशीतला उरलेला चहा पाजणाऱ्या आजोबांना हे प्रेमाने समजावून सांगायचं काम तुमचं!

भांडं कसं असावं?

यातही अभियांत्रिकी आहे बरं का. कुत्रा जीभ मागच्या बाजूला वळवून पाण्यावर आपटतो आणि झटक्याने वर ओढतो. त्या वेगाने जिभेमागे पाण्याचा स्तंभ उभा राहतो, तो कोसळण्याआधी कुत्रा जबडा मिटतो. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. या पद्धतीत सांडलवंड होणारच. म्हणून भांडं रुंद आणि जड हवं. मातीचं परळ किंवा गोठ्याजवळची दगडी डोण उत्तम. ते सावलीत ठेवा, रोज घासा, आणि फळाच्या पाण्याशेजारी साध्या पाण्याचं भांडं कायम भरलेलं असू द्या.

उष्माघात झालाच तर

धाप थांबतच नाही, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चालताना तोल जातोय, उलटी होतेय अशी लक्षणं दिसली तर सरबताची वेळ टळलेली आहे असं समजा. कुत्र्याला ताबडतोब सावलीत आणा, अंगावर नळाचं साधं पाणी भरपूर ओता आणि पंखा लावा. तोंड उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. स्वतःहून प्यायला तर पिऊ द्या. आधी अंग थंड करायचं आणि मग लगेच पशुवैद्यांकडे न्यायचं, हा क्रम लक्षात ठेवा. बरा दिसला तरी तपासून घ्याच, आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर कळते.

तेव्हा मंडळी, या सुट्टीत घरी गेलात की मोत्याला कलिंगडाचं पाणी जरूर करून द्या. पण आंबा-फणसाच्या गडबडीत त्याचं साध्या पाण्याचं भांडं कोरडं पडलंय का, एवढं दुपारी एकदा वाकून बघा. त्याला मागता येत नाही, आपल्याला बघता येतं.