खडवलीचं स्पेलिंग सांगा पाहू!

स्वतःची वेबसाइट काढताय? मग लोगो, फोटो, डिझाइन सगळं नंतर. आधी नाव! आणि तेही असं, की कसारा लोकलच्या गर्दीतून फोनवर सांगितलं तरी समोरच्याला बरोबर टाइप करता आलं पाहिजे.

नोकरी सांभाळून काहीतरी ‘आपलं’ सुरू करायची हौस हल्ली प्रत्येकालाच असते. कुणी केक विकतं, कुणी ट्रेकचा ग्रुप चालवतं. माझ्या एका मित्राचं खडवलीला घर आहे, भातसा नदीपासून जवळच. आठवडाभर ठाण्यात ऑफिस आणि वीकेंडला दोन खोल्या पाहुण्यांना, असा त्याचा प्लॅन. वेबसाइटच्या नावात ‘खडवली’ हवंच, हा त्याचा हट्ट. बरोबरच आहे म्हणा, लोक नेटवर शोधताना गावाचंच नाव टाकतात.

आम्ही चार मित्रांना हे नाव इंग्रजीत लिहून पाठवायला सांगितलं. चार उत्तरं, तीन स्पेलिंगं! कुणी ‘व्ही’ लिहिला, कुणी ‘डब्ल्यू’. कुणी ‘एल’च्या आधी आणखी एक ‘ए’ घुसवला. डोंबिवलीकरांचंही हेच. ‘एल’आधी ‘ए’ लावणारे आणि न लावणारे, असे तिथे दोन पंथच आहेत. माणूस समजून घेतो, कम्प्युटर नाही. एक अक्षर चुकलं की पाहुणा भलत्याच दारात!

एका अक्षराची कोर्टबाजी

एका अक्षरावरून मुंबई हायकोर्टात केस झाली आहे. ‘रेडिफ’च्या स्पेलिंगमधल्या ‘ई’च्या जागी ‘ए’ टाकून दुसऱ्याच कुणीतरी ‘रॅडिफ डॉट कॉम’ घेतलं होतं. १९९९ मध्ये कोर्टाने त्याला मनाई केली. डोमेन नेम म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं कोर्टाचं म्हणणं. २००४ मध्ये ‘सिफी’च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच बाजू उचलून धरली.

आपल्यासाठी धडा काय? मोठ्या ब्रँडसारखं भासणारं नाव घेऊ नका. आणि नुसत्या गावाच्या नावावर विसंबू नका. ‘खडवली’ कुणा एकाच्या मालकीचं नाही, त्यामुळे उद्या शेजारीही तेच नाव वापरेल. त्याला आपला एखादा शब्द जोडा.

मित्राने हेच केलं. रेल्वे स्टेशनच्या पाटीवरचं ‘व्ही’वालं स्पेलिंग धरलं, त्याला स्वतःचा शब्द जोडला आणि जास्तीच्या ‘ए’वालं नावही घेऊन ते त्याच साइटकडे वळवलं. दुसऱ्या नावाचा खर्च वाढला, पण चुकलेला पाहुणाही घरीच येणार!

नाव घेण्याआधी

• फोन टेस्ट घ्या. आईला किंवा मावशीला फोनवर नाव सांगा आणि लिहायला लावा. दोनदा विचारलं, तर नाव बाद.

• हायफन आणि आकडे टाळा. ‘मध्ये आडवी रेघ आहे हं’ हे किती जणांना सांगत बसणार?

• छोटं ठेवा. नियमाने ६३ अक्षरं चालतात, लक्षात मात्र दोन-तीन शब्दच राहतात. शब्द जोडून वाचल्यावर भलता अर्थ निघत नाही ना, तेही बघा.

• ‘डॉट कॉम’ गेलं असेल तर टेन्शन नको. ‘डॉट इन’ २००५ पासून सर्वांना खुलं आहे. २०१४ पासून ‘डॉट भारत’मुळे देवनागरीतही नाव घेता येतं, म्हणजे स्पेलिंगची कटकटच संपली! पण तसा ईमेल पत्ता सगळीकडे स्वीकारला जात नाही. म्हणून इंग्रजी नाव सोबत असू द्या.

• नाव स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर नोंदवा. साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नको, भांडण झालं तर चावी त्याच्याच खिशात!

• पहिल्या वर्षाच्या स्वस्त ऑफरला भुलू नका, रिन्यूअलचा भाव बघा. तारीख चुकली आणि पुढची मुदतही टळली, तर नाव पुन्हा बाजारात येतं.

लोगो दरवर्षी बदला, कुणाचं काही बिघडत नाही. नाव बदललं, तर व्हिजिटिंग कार्डापासून लोकांच्या जिभेपर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा पैसे भरण्याआधी एक रात्र थांबा, नाव चार जणांना मोठ्याने म्हणून दाखवा, आणि मगच ‘बाय’वर क्लिक करा!