सावकाराच्या भरवशावरची नोट

पहिल्या महायुद्धातली ऑटोमन नोट पाहिली, की डोळा आधी तुघ्ऱ्यावर ठरतो. तुघ्रा म्हणजे सुलतान पाचवा मेहमेद याची वळणदार शाही मुद्रा. पण गंमत पुढेच आहे. या नोटेला जामीन आहे ती ‘ऑटोमन सार्वजनिक कर्ज प्रशासन’ नावाची संस्था, म्हणजे चक्क सुलतानाच्या सावकारांची पेढी!

ही वेळ आली कशी? क्रिमियन युद्धासाठी 1854 मध्ये साम्राज्याने युरोपातून पहिलं कर्ज उचललं. मग कर्ज फेडायला नवं कर्ज. 1875 मध्ये तिजोरीने हात वर केले. 1881 मध्ये धनकोंनी ही संस्था उभी केली आणि मीठ, तंबाखू, दारू, मुद्रांक, रेशीम यांचा महसूल थेट आपल्या ताब्यात घेतला.

नोटा काढायचा मक्ताही परक्यांकडेच होता. इम्पीरियल ऑटोमन बँकेचं भांडवल इंग्रज आणि फ्रेंच. 1914 मध्ये नेमके तेच शत्रू झाले! तेव्हा सरकारने जर्मनी आणि ऑस्ट्रियाकडून सोनं उसनं घेतलं आणि 1915 मध्ये त्याच्या बळावर सुमारे 65 लाख लिऱ्यांच्या नोटा काढल्या. आपल्या शब्दाला बाजारात किंमत नाही हे सरकार जाणून होतं, म्हणून सोनं ठेवलं ते कर्ज प्रशासनाकडे.

उसनं सोनं किती पुरणार? पुढच्या खेपांना आधार उरला तो जर्मन सरकारच्या रोख्यांचा. सात खेपांत आकडा 16 कोटी लिऱ्यांवर गेला. लोकांनी सोनं दडवलं, मग चांदी, मग चिल्लरसुद्धा. शेवटी एका कुरुशचीही नोट छापावी लागली, आणि शंभर कुरुश म्हणजे एक लिरा! युद्ध संपेपर्यंत सोन्याच्या एका लिऱ्याला चार-पाच कागदी लिरे मोजावे लागत. इस्तंबूलपासून दूर, अरब प्रांतांत, तर हा कागद आणखी स्वस्त. तिथल्या टोळ्यांना फितवायला इंग्रज खणखणीत सोन्याची नाणी वाटत होते.

1922 मध्ये सुलतानशाही गेली, नोटा मात्र टिकल्या. साम्राज्याच्या जागी आलेल्या तुर्की प्रजासत्ताकाने स्वतःच्या नोटा काढल्या त्या 1927 मध्ये. कर्ज त्याहून चिवट निघालं. तुर्कस्तानने त्याचा अखेरचा हप्ता भरला 1954 मध्ये, पहिल्या कर्जानंतर बरोबर शंभर वर्षांनी.