सोयाबीनची सफर (७) : हक्कांचा भरला टोफू

गेल्या आठवड्यात सोयाबीनच्या दुधापासून टोफू कसा बांधतात ते आपण पाहिलं. आज त्या टोफूला एका समाजाने सणाच्या ताटात कसं बसवलं ते पाहू. हा समाज म्हणजे हक्का. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही हातगाडीवर हक्का नूडल्स मिळतात, पण ज्यांचं नाव त्यांना लागलं त्या लोकांचा खरा स्वयंपाक फारसा कुणाच्या परिचयाचा नाही.

हक्कांचे पूर्वज उत्तर चीनमधले, पीत नदीच्या खोऱ्यातले मानले जातात. लढाया आणि आक्रमणं यांमुळे कित्येक शतकं ते टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकत राहिले आणि ग्वांगदोंग, फूज्यान आणि ज्यांग्शी या प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात स्थिरावले. सुपीक सखल जमीन आधीच्या रहिवाशांकडे होती, उशिरा आलेल्यांच्या वाट्याला डोंगर आले. ग्वांगदोंगमधलं मेइझोउ हे शहर आज हक्कांचं माहेरघर समजलं जातं आणि भरला टोफू, म्हणजे न्यांग दोउफू, हा तिथला नववर्षाचा मानाचा पदार्थ आहे.

त्याच्या जन्माची एक लोककथा हक्का घराघरांत सांगतात. उत्तरेत सणाला गव्हाच्या पारीत मांसाचं सारण भरून ज्याओझ करायची रीत होती. दक्षिणेत भात पिकायचा, गहू दुर्मीळ. मग पारीच्या जागी टोफू आला आणि सारण त्यात गेलं. ही कथा म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे, पण तिच्यातली अडचण खरी आहे. मांस थोडं आणि खाणारी तोंडं जास्त, अशा घरात मूठभर खिमा वीस-पंचवीस तुकड्यांत वाटला गेला, तर प्रत्येकाच्या ताटात सण पोचतो.

आता कृती जवळून पाहू. टोफू मऊ हवा, पण हातात धरल्यावर न मोडणारा. त्याचे चौकोनी तुकडे करून प्रत्येकाच्या मधोमध चमच्याने किंवा चॉपस्टिकने खळगा करतात. निघालेला चुरा टाकून देत नाहीत, तो सारणातच जातो. सारणात चरबीचा अंश असलेला डुकराचा खिमा, कांद्याची पात, भिजवलेले शिताके मशरूम, सुकट आणि थोडा खारवलेला मासा. हे सगळं एकाच दिशेने फेटून चिकट करतात. खळग्याला आतून स्टार्चचं बोट लावलं की सारण धरून राहतं. भरल्या वांग्यांसारखीच इथेही खरी परीक्षा बोटांची असते. दाबलं तर टोफू फुटतो, सैल भरलं तर सारण निसटतं.

तुकडे तेलात आधी सारणाच्या बाजूने ठेवून खरपूस करतात. मग मातीच्या भांड्यात थोड्या रश्श्यावर, झाकण घालून, मंद आचेवर शिजवतात. टोफूला स्वतःची चव जवळजवळ नसते. मांसातून सुटलेला रस आणि माशाचा खारटपणा तो शोषून घेतो. हक्का जेवण खारट, स्निग्ध आणि खमंग असतं असं चिनी लोक म्हणतात. दिवसभर डोंगरात राबणाऱ्यांना तेच लागायचं.

एकोणिसाव्या शतकात हक्का मजूर मोठ्या संख्येने समुद्रापार गेले, आणि इथून या पदार्थाची खरी गंमत सुरू होते. 1857 मध्ये 87 चिनी मजूर कथिलाच्या शोधात क्लांग नदीने वर अंपांगकडे गेले. क्वालालंपूर शहराची सुरुवात या घटनेपासून सांगितली जाते. या शहराची घडी बसवणारे याप आ लॉय हेही हक्काच. त्याच अंपांगचं नाव आज मलेशियात भरल्या टोफूशी, तिथल्या भाषेत योंग ताव फूशी, जोडलं गेलं आहे.

तिथे खिम्याची जागा मुख्यतः माशाने घेतली. त्यासाठी वापरतात ते मासे कोकणच्या माणसाला चांगले ओळखीचे आहेत: करली आणि सुरमई. करलीत काटे फार, म्हणून चमच्याने खरवडून फक्त मांस काढतात. त्यात मीठ घालून मळतात आणि गोळा पुन्हा पुन्हा भांड्यात आपटतात. मिठामुळे माशातली प्रथिनं सुटी होतात, आपटल्याने एकमेकांत गुंततात आणि शिजल्यावर सारण रबरासारखं लवचिक होतं. हेच सारण मग भेंडी, कारलं, वांगं, लाल मिरची यांतही भरलं जाऊ लागलं. कारलं आणि वांगं भरण्याची रीत दक्षिण चीनमध्ये होतीच, भेंडी मात्र नव्या मुलखाची देणगी.

सिंगापूरमध्ये गिऱ्हाईक मांडलेल्या तुकड्यांतून हवे ते निवडतं, विक्रेता ते उकळून रश्श्यासह किंवा कोरडे, तिखट-गोड चटण्यांबरोबर देतो. डुकराचं मांस गेल्यामुळे हलाल योंग ताव फूही मिळू लागला आणि पदार्थ समाजाच्या सीमा ओलांडून गेला. थायलंडमध्ये त्याच नावावरून आलेला येन ता फो म्हणजे लाल आंबवलेल्या टोफूमुळे गुलाबी झालेलं नूडल्सचं सूप. नाव उरलं, भरणं जवळजवळ सुटलं.

भारतात हक्का कोलकात्यात आले. टांगरा भागात त्यांनी चामडं कमावण्याचे कारखाने काढले, पुढे हॉटेलं चालवली. त्या वाटेने नूडल्स देशभर गेले, भरला टोफू मात्र आपल्या मेन्यूकार्डांवर सहसा दिसत नाही.

माझ्या मते या पदार्थाचा कणा टोफू नव्हे आणि मांसही नव्हे. थोडक्यात पुष्कळांना पुरवण्याची रीत हा त्याचा कणा आहे. म्हणूनच प्रत्येक बंदरावर त्यातली सामग्री बदलली तरी पदार्थ टिकला. आपल्या लातूरपासून विदर्भापर्यंत शेतं सोयाबीनने भरलेली असतात, पण त्यातलं बहुतेक तेलगिरणीत आणि पेंडीत जातं. तेव्हा एकदा टोफू आणा. मांस नको असेल तर मशरूम, आलं, पात आणि टोफूचाच चुरा भरा, आणि सारणाची बाजू आधी खरपूस करायला विसरू नका. पुढच्या आठवड्यात जावा बेटावरचं टेंपे.