ऑनलाइन खासगीपणा आणि विद्यार्थ्यांचे तंत्रज्ञान-स्वातंत्र्य : एक विवेचन

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र होय. या परिसरात घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे विद्यार्थी आजही पुष्कळ आहेत. अशा विद्यार्थ्याच्या हातातील मोबाईल हेच त्याचे ग्रंथालय असते. परीक्षेचा अर्ज असो वा 'महाडीबीटी'वरील शिष्यवृत्ती, त्याची सर्व कामे त्यावरच होतात. त्याच वेळी हा मोबाईल पालक व प्राध्यापक यांच्या चिंतेचाही विषय आहे. या चिंतेपोटी मोबाईल तपासणे किंवा काढून घेणे हे शिस्तीचे साधन मानले जाते. खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे, तर ती शिकण्यासाठी लागणारी मोकळीक आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

घटनात्मक आधार :
न्या. के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत संघ या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. हा हक्क निरपवाद नाही. मात्र त्यावर मर्यादा घालताना तिला कायद्याचा आधार असावा, तिचा हेतू वैध असावा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात असावा, अशी अपेक्षा आहे. ही कसोटी प्रामुख्याने शासनसंस्थेसाठी असली, तरी महाविद्यालयाने आपल्या नियमांना ती लावून पाहण्यास काहीच हरकत नाही.

वसतिगृह आणि मोबाईल :
केरळमधील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मोबाईल वापरण्यास बंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढण्यात आले. केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचाही भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. अभ्यासाच्या वेळेत लक्ष विचलित होऊ नये हा हेतू गैर नव्हता. परंतु त्यासाठी अभ्यासाचे साधनच काढून घेणे हा उपाय प्रमाणाबाहेरचा होता.

चुकण्याची मोकळीक :
महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर एक मजकूर पुढे पाठवला, थोड्याच वेळात तो काढून टाकला आणि माफीही मागितली. तरीही महाविद्यालयाने तिला काढून टाकले व तिला अटकही झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे २०२५ रोजी तिला जामीन दिला. बाजू मांडण्याची संधी न देता काढलेला निष्कासनाचा आदेश स्थगित केला आणि तिचा परीक्षेचा मार्ग मोकळा केला.

येथे त्या मजकुराचे समर्थन अभिप्रेत नाही. वर्गात चुकीचे उत्तर देणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी सुधारतो, कारण वर्ग ते विसरतो. महाजाल मात्र विसरत नाही. अशा काळात विद्यार्थ्याला चूक सुधारण्यास अवकाश देणे हे शिक्षणसंस्थेचे कर्तव्य ठरते.

संस्थेची स्वतःची जबाबदारी :
विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर लक्ष ठेवणाऱ्या संस्था स्वतः गोळा केलेल्या माहितीबाबत किती दक्ष असतात, हाही प्रश्न आहे. नाव, जात-प्रवर्ग, मोबाईल क्रमांक व कधी आधार क्रमांक असलेली यादी सोयीसाठी व्हॉट्सॲप गटावर टाकली जाते. तेथून एखाद्या मुलीचा क्रमांक नको त्या हाती गेला आणि अनोळखी फोन सुरू झाले, तर घरचा पहिला उपाय बहुधा तिचाच मोबाईल काढून घेणे हा असतो. खासगीपणा गेला की पाठोपाठ स्वातंत्र्यही जाते, ते असे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. यातील प्रमुख जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील, अशी तरतूद आहे. कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे व तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कार्य व सुरक्षिततेपुरत्या काही सवलती आहेत. तरीही अकरावी-बारावीचे वर्ग चालविणाऱ्या महाविद्यालयांनी आतापासूनच तयारी करणे श्रेयस्कर ठरेल.

समारोप :
सायबर गुन्हे, फसवणूक आणि छळ हे धोके खरे आहेत. विद्यार्थ्यांना राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक आहे. तथापि पाळत ठेवल्याने विद्यार्थी सावध होत नाही, तो केवळ अबोल होतो; आणि अबोल झालेली विद्यार्थिनी संकटात सापडली तरी प्राध्यापकांकडे येत नाही. म्हणून मोबाईलविषयक नियम लेखी व सकारण असावेत, कारवाईपूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकावे, याद्यांत आवश्यक तेवढीच माहिती द्यावी आणि प्रथम वर्षातच डिजिटल सुरक्षिततेचे पाठ घ्यावेत. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी मोठा निधी लागत नाही. विद्यार्थ्यावर विश्वास ठेवण्याची तयारी मात्र लागते.