मोकळे वावर, बंद घर आणि बारा वर्षे



आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव एक चित्र हल्ली सारखे दिसते. एक मुलगा नागपूरला, दुसरा रायपूर-भिलाईकडे नोकरीला, म्हातारे आईवडील कधी इकडे तर कधी तिकडे. गावातल्या घराला कुलूप आणि वावर कोणाच्या तरी भरवशावर. तिरोडा घ्या, आमगाव घ्या, सडक अर्जुनी घ्या, कथा तीच. अशा मोकळ्या मालमत्तेवर दुसऱ्याचा कब्जा बसू नये म्हणून काय करावे, आणि बसलाच तर काय करावे, याचा विचार या लेखात करू. उसाची नोंद काय, पीककर्ज काय, शेवटी सगळे सातबाऱ्यावर उभे असते. पायाखालची जमीनच वादात गेली तर पुढचे सगळे अडते.

सुरुवात गोडीने होते

परका माणूस लाठी घेऊन येतो आणि वावर बळकावतो, असे क्वचित घडते. बहुतेक वेळा सुरुवात गोडीगुलाबीने होते. धुऱ्याशेजारचा दर नांगरटीला एक तास अलीकडे सरकतो. कोणी रिकाम्या वाडीत तणसाचा ढीग लावतो, मग तिथेच गुरे बांधतो, मग वर टिनाचे छप्पर येते. कोणाला आपणच म्हटलेले असते, "राहू दे, पडीक ठेवण्यापेक्षा तू कसून खा." दिली ओसरी की हातपाय पसरी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

उसाच्या बाबतीत तर आणखी जपले पाहिजे. धान एका हंगामात घरी येते. ऊस तसा नाही. लागणीचे एक वर्ष, खोडव्याचे दुसरे, आणखी एक खोडवा ठेवला की तिसरे. म्हणजे तोंडी दिलेला एक शब्द तीन वर्षे वावरात उभा राहतो. त्या काळात ऊस नोंद त्याच्या नावाने, बिल त्याच्या खात्यावर आणि पीक पाहणीही त्याच्या नावाने होत गेली, तर उद्या हेच कागद कब्जाचा पुरावा म्हणून पुढे येतात. त्याची दानत चांगली असेल हो, पण त्याच्या मुलांची काय असेल हे आज कोण सांगणार?

बारा वर्षांचा अर्थ

"बारा वर्षे कसली की जमीन त्याची," असे गावात सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विरोधी कब्जा सुरू झाल्यापासून १२ वर्षांत मालकाने दावा लावला नाही, तर त्याचा हक्क संपतो. पण प्रत्येक कब्जा विरोधी नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली कर्नाटक वक्फ मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले की असा कब्जा उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारून केलेला असला पाहिजे. तो जबरीचा, चोरटा किंवा परवानगीचा असून चालत नाही. म्हणजे आपल्या परवानगीने बसलेला माणूस कितीही वर्षे राहिला, तरी तेवढ्याने मालक होत नाही. भावाभावांतही तसेच. गावातला भाऊ कसतो म्हणून शहरातल्या भावाचा हिस्सा आपोआप बुडत नाही. एका हिस्सेदाराचा कब्जा सर्वांचा समजला जातो. मात्र त्याने दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारला की त्या दिवसापासून मुदत मोजली जाऊ लागते.

खरी मेख इथेच आहे. परवानगी दिली होती, हे सिद्ध कशाने करणार? ज्यांच्यासमोर शब्द दिला ते साक्षीदार १५ वर्षांनी कुठे असतील? म्हणून कागद.

हा नियम आता उठेल, तेव्हा उठेल, या भरवशावर कोणी राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली गुजरातेतील एका जमिनीच्या प्रकरणात या कायद्यावर कडक टीका करून सरकारला फेरविचार सुचवला होता. पण २०२३ साली विधी आयोगाने आपल्या २८० व्या अहवालात बदलाची गरज नाही असेच मत दिले. उलट २०१९ च्या निकालाने विरोधी कब्जाच्या आधारावर कब्जेदाराला स्वतः दावा लावण्याचीही वाट मोकळी झाली.

राखणदार आणि ठेकेदार

गोव्यातील एका घराच्या वादात बहिणीने आपले घर भावाला राहायला दिले होते. पुढे भावानेच कब्जाचा दावा लावला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राखणदार, चौकीदार किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही. मालकाने मागताच त्याने ताबा सोडला पाहिजे. निकाल बहिणीच्या बाजूने झाला खरा, पण त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कुठे मागायची, ही पाळी येऊ नये म्हणून घर सांभाळायला देताना दोन ओळींचे पत्र दोघांच्या सहीने करून ठेवा.

शेतीचे मात्र वेगळे आहे. रोजी देऊन, स्वतःच्या देखरेखीखाली कसवून घेणे वेगळे आणि ठेक्याने किंवा बटईने देणे वेगळे. विदर्भासाठी १९५८ साली झालेल्या कूळकायद्याने हा फरक केलेला आहे. त्या कायद्याने कसणाऱ्या अनेकांना जमीन मिळाली, ती न्यायाचीच गोष्ट झाली. म्हणूनच ठेक्याचा कागद वकिलाला दाखवूनच करावा. त्यात गट नंबर, क्षेत्र, रक्कम, लागण की खोडवा, आणि वावर परत देण्याची तारीख स्पष्ट असावी.

वर्षातून एकदा एवढे करा

दिवाळी-मंडईला गावी येता ना? मग एक सकाळ वावराला द्या.

१) धुऱ्यावरून पायी फिरा. खुणेचे दगड जागेवर आहेत का ते पाहा. शंका आली तर भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. शेजाऱ्याशी भांडण नंतर, मोजणी आधी.

२) सातबारा आणि आठ-अ काढून वाचा. पटवारी म्हणा की तलाठी, त्यांच्याकडे फेरफार विचारा. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा भंडारा असे असते, ते जपून ठेवा.

३) १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून करा. वावर पडीक असेल तर तसेच नोंदवा.

४) ऊस नोंद कोणत्या गटावर, कोणाच्या नावाने झाली, हे शेतकी खात्यात येऊन तपासा.

५) घरपट्टी आणि विजेचे बिल आपल्या नावाने भरा, पावत्या ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील मिळकत पत्रिका, दोन्हींवर नाव बरोबर आहे ना ते पाहा.

अतिक्रमण झालेच तर

पहिले सहा महिने सोन्याचे समजा. बेकायदा ताबा घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत, शेतीसाठी १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येते. किंवा १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात जाता येते. तिथे मालकीच्या खोलात न जाता, ताबा कोणाचा होता आणि तो कसा काढला, एवढेच पाहतात. सहा महिने उलटले की मालकी सिद्ध करण्याचा लांबचा रस्ता उरतो, आणि तोही १२ वर्षांच्या आतच. नुसती नोटीस पाठवून बारा वर्षांची मुदत थांबत नाही. दावा लावावा लागतो, हे पक्के ध्यानात ठेवा.

पोलिसांत तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गुन्हेगारी अतिक्रमणाची तरतूद आहे. पण चार माणसे घेऊन झोपडी मोडायला जाऊ नका. घुसणाऱ्याला त्याच वेळी अडवणे निराळे. तो स्थिरावला की मालकालाही कायद्याच्या मार्गानेच जावे लागते. नाहीतर जमीन आपली आणि गुन्हा आपल्यावर, असे व्हायचे.

बंधूंनो, याचा अर्थ शेजाऱ्याला नाही म्हणा असा नाही. वावर पडीक पडण्यापेक्षा कोणाच्या चुलीला उपयोगी पडले तर चांगलेच. द्यायचे ते मोकळ्या मनाने द्या, पण कागदावर द्या. दोघांनी सही केलेला कागद देणाऱ्याची जमीन राखतो, घेणाऱ्याची अब्रू राखतो, आणि पुढच्या पिढीत दोन्ही घरांचे बोलणे-चालणेही राखतो.