काटकसर ग्राहकाने करायची की कारखानदाराने?

विजेची टंचाई जाणवू लागली की राज्यकर्त्यांना प्रथम नागरिक आठवतो. त्याने खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा, पंखा उगाच फिरत ठेवू नये, दूरचित्रवाणी संच भिंतीवरच्या बटनापासून बंद करावा, असे त्याला बजावले जाते. हा उपदेश खोटा नसतो, पण पुष्कळदा तो भलत्याच माणसाला केलेला असतो. रिमोटने बंद केलेला संच आतल्या आत वीज खात राहील की नाही, हे घरातला माणूस ठरवीत नाही. त्याचा आराखडा काढणाऱ्या अभियंत्याने ते संच विकत घेतला जाण्यापूर्वीच ठरवून टाकलेले असते. ऊर्जा वापरणाऱ्या वस्तूंच्या रचनेवर पर्यावरणाच्या दृष्टीने अटी घालणारा जो निर्देश युरोपीय संघाने ६ जुलै २००५ रोजी संमत केला, त्याच्या मुळाशी हाच विचार होता.

या निर्देशाने स्वतः एकाही वस्तूवर बंधन घातले नाही. त्याने केवळ चौकट दिली. एकेका वस्तूचा अभ्यास करावा, कारखानदार, ग्राहकसंस्था व पर्यावरणवादी यांचे म्हणणे ऐकावे, सदस्य राष्ट्रांची संमती घ्यावी आणि मग त्या वस्तूपुरता नियम करावा, अशी ही व्यवस्था आहे. नियमात न बसणारी वस्तू संघाच्या बाजारात येऊच शकत नाही. २००९ साली ही चौकट रुंदावली आणि खिडक्यांसारख्या, स्वतः वीज न वापरणाऱ्या परंतु ऊर्जेच्या खर्चावर परिणाम करणाऱ्या वस्तूही तिच्यात आल्या. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. पर्यावरणाचे नाव घेणाऱ्या या निर्देशाला युरोपीय करारातील जो आधार दाखविला होता, तो पर्यावरणाच्या कलमाचा नव्हता. तो सामायिक बाजारपेठेच्या कलमाचा होता. प्रत्येक देशाने आपापला वेगळा नियम केला तर माल विकणार कसा, ही कारखानदारांची चिंता आणि हवामानाची चिंता येथे एकत्र आल्या. निसर्गप्रेमापेक्षा व्यापाराच्या सोयीने कायदे लवकर होतात, हे युरोपलाही लागू आहे.

या व्यवस्थेचे सर्वांत निर्विवाद यश म्हणजे बंद अवस्थेतील विजेविषयीचा नियम. वर्षाचे तास ८,७६०. रिमोटची वाट पाहत पाच वॉट खाणारे उपकरण वर्षभर तसेच राहिले तर सुमारे ४४ युनिट वीज खर्च होते, आणि त्या मोबदल्यात घरधन्याला एका लाल ठिपक्याखेरीज काही मिळत नाही. युरोपने २०१० पासून ही मर्यादा साधारणपणे एक वॉटवर आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटवर आणली. पडद्यावर काही माहिती दाखविणाऱ्या उपकरणांना थोडी सवलत ठेवली. अर्ध्या वॉटला वर्षाचा हिशेब साडेचार युनिटांच्याही आत येतो. ग्राहकाला काही सोडावे लागले नाही, कारखान्यांना वीजपुरवठ्याच्या मंडलात सुधारणा कराव्या लागल्या, एवढेच. हा प्रश्न बाजार आपोआप सोडवू शकला नसता, कारण असा लाल ठिपका किती वीज खातो याची चौकशी करून कोणी दूरचित्रवाणी संच विकत घेत नाही.

औद्योगिक मोटारींचेही तसेच आहे. सतत चालणाऱ्या मोटारीच्या आयुष्यभराच्या विजेचा खर्च तिच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. पण मोटार पुष्कळदा विकत घेतो तो यंत्र जुळविणारा, आणि बिल भरतो तो यंत्र चालविणारा. पहिल्याला स्वस्त मोटार हवी असते. १६ जून २०११ पासून युरोपने ०.७५ ते ३७५ किलोवॉटच्या बहुतेक मोटारींना कार्यक्षमतेची किमान पातळी लावली व पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढविली. युरोपला मोटारी निर्यात करणाऱ्या भारतीय कारखानदारालाही ती चुकलेली नाही.

लोकांचा राग ओढवला तो दिव्यांच्या नियमाने. तारेचा जुना दिवा विजेचा फार थोडा अंश प्रकाशात बदलतो. बाकीची उष्णता होते. सप्टेंबर २००९ मध्ये १०० वॉटचे दिवे प्रथम गेले आणि दरवर्षी एक पायरी खाली येत सप्टेंबर २०१२ पर्यंत ४० व २५ वॉटचेही गेले. जर्मनीत लोकांनी दिव्यांचे साठे करून ठेवले. एका जर्मन अभियंत्याने २०१० साली हेच दिवे ‘खोली तापविण्याचे छोटे गोळे’ म्हणून विकायला काढले. विजेची जवळजवळ सर्व उष्णता होत असल्याने या रूपात ते अत्यंत कार्यक्षम आहेत, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद होता! प्रशासनाने ती विक्री थांबविली. तथापि या थट्टेमागची तक्रार पोकळ नव्हती. त्या वेळी सहज मिळणारा पर्याय म्हणजे पारा असलेला, हळूहळू उजळणारा वळ्यावळ्यांचा दिवा. पुढे एलईडी दिवे चांगले व स्वस्त झाले आणि वाद विरला. पण नियम आधी आला आणि समाधानकारक वस्तू मागाहून आली, या तीन-चार वर्षांच्या अंतराने कायद्याची पत कमी केली.

व्हॅक्यूम क्लीनरच्या बाबतीत वेगळाच दोष उघडकीस आला. सप्टेंबर २०१४ पासून त्याच्या मोटारीवर १,६०० वॉटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटची मर्यादा आली. त्याच वेळी कार्यक्षमतेची चिठ्ठी लावण्याचाही नियम झाला, परंतु त्यासाठीची चाचणी रिकाम्या पिशवीने घ्यायची होती. धूळ साठली की ज्या यंत्रांची शक्ती घटते, त्यांना ही परीक्षा सोपी होती. एका ब्रिटिश उत्पादकाने न्यायालयात धाव घेतली आणि ८ नोव्हेंबर २०१८ रोजी युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने हा चिठ्ठीचा नियमच रद्द ठरविला. वॉटची मर्यादा टिकली. घरात यंत्र कसे वापरले जाते आणि प्रयोगशाळेत ते कसे मोजले जाते, यांत फारकत झाली की कारखानदार घरासाठी नव्हे, तर परीक्षेसाठी यंत्र घडवितो. विद्यार्थ्यांचे जे होते, ते यंत्रांचेही.

दिरंगाईचा दोष तर या व्यवस्थेत मुरलेलाच आहे. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०२० च्या आपल्या अहवालात तो स्पष्ट नोंदविला, आणि नियम न पाळणाऱ्या वस्तू बाजारात राहतात, याकडेही लक्ष वेधले. अभ्यास पुरा होऊन नियम छापला जाईपर्यंत अभ्यासलेली वस्तू जुनी झालेली असते.

परंतु याहून गंभीर उणीव होती ती दृष्टीची. पहिली अनेक वर्षे हा कायदा वॉट मोजत राहिला. वर्षे मोजायला त्याला उशीर झाला. वस्तू किती वीज खाते एवढेच पाहिले आणि ती पाच वर्षांत भंगारात गेली, तर तिच्यातील पोलाद, तांबे व प्लॅस्टिक घडविण्यासाठी खर्चलेली ऊर्जा कोणाच्या खाती मांडायची? याचा थोडा विचार व्हॅक्यूम क्लीनरच्या नियमात दिसतो. मोटार किमान ५०० तास चालावी आणि नळी ४०,००० वेळा वाकवूनही वापरण्याजोगी राहावी, अशी अट त्यात होती. खरे वळण आले ते १ मार्च २०२१ पासून. कपडे व भांडी धुण्याच्या यंत्रांचे ठरावीक सुटे भाग किमान दहा वर्षे आणि फ्रीजचे बहुतेक सात वर्षे मिळत राहिले पाहिजेत, मागणीनंतर पंधरा कामाच्या दिवसांत ते पोचले पाहिजेत, आणि नेहमीच्या हत्यारांनी ते बदलता आले पाहिजेत, असे नियम लागू झाले. २० जून २०२५ पासून मोबाइल फोनही या कक्षेत आले. बॅटरीने ८०० वेळा भारित होऊनही ८० टक्के क्षमता राखावी, अशी त्यांच्यावर अट आहे. १८ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या नव्या कायद्याने तर अन्न, औषधे अशा थोड्या गोष्टी वगळता बहुतेक सर्व वस्तूंना हीच चौकट लागू करण्याची वाट मोकळी केली.

भारताने या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहिले. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने केंद्र सरकारला उपकरणांचे मानक ठरविण्याचा व त्यात न बसणाऱ्या वस्तूंच्या विक्रीला मनाई करण्याचा अधिकार दिला. पण लोकांच्या ओळखीची झाली ती २००६ पासूनची ताऱ्यांची चिठ्ठी, म्हणजे पुन्हा निवड ग्राहकाचीच. चिठ्ठी सक्तीची झालेल्या वस्तूंत एक तारा ही किमान पातळी ठरते, आणि जानेवारी २०२३ पासून छताचे पंखेही या सक्तीत आले, ही जमेची बाजू. वस्तू किती वर्षे टिकावी याविषयी मात्र ही चिठ्ठी अवाक्षर काढीत नाही.

याचे कारण कदाचित असे असेल की त्याची गरजच भासत नव्हती. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या उपकरणाचा सुटा भाग शोधून काढणे, मोटारीला नवे वेटोळे भरून घेणे, हे कायद्यावाचून चालत आले आहे. पण स्क्रूऐवजी डिंकाने चिकटविलेले कवच आणि कारखान्याच्या संगणकाखेरीज न उघडणारे नियंत्रण-मंडल यांच्यापुढे गल्लीतल्या कारागिराचे कसब थांबते. तो ग्राहकाला अधिकृत केंद्राचा पत्ता देतो, आणि केंद्र नव्या यंत्राची किंमत सांगते.

युरोपातही हा प्रश्न सुटलेला नाही. २०२१ च्या नियमांनी सुटा भाग मिळण्याची सक्ती केली, पण तो किती किमतीला मिळावा हे सांगितले नाही. शिवाय अनेक भाग व्यावसायिक दुरुस्तीकारांनाच मिळतात, घरी दुरुस्ती करणाऱ्याला नाही. २०२४ च्या दुरुस्तीविषयक निर्देशात किंमत ‘वाजवी’ असावी असे शब्द आले असून, सदस्य राष्ट्रांना त्याप्रमाणे कायदे करण्यासाठी ३१ जुलै २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली. वाजवी म्हणजे किती, याचा आकडा त्यात नाही.